सुट्टीची वजाबाकी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या शिक्षकांच्या खोलीत आनंदीआनंद असतो. परवा मात्र समाजशास्त्राचे आमचे तरुण सहकारी एकटेच भिंतीवरचे कॅलेंडर न्याहाळीत होते.

"काय, गावी केव्हा निघणार?" मी विचारले.

"सर, सुट्टीचे दिवस मोजतोय. तुमची ती सुट्टी, माझी ती वजाबाकी!"

वाचकहो, हे गृहस्थ तासिका तत्त्वावरचे. पात्रता तीच, फळा तोच. पण तास झाला तर पैसे. सातव्या वेतन आयोगाने कायम सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून धरला, भत्ते निराळे. पाहुण्या शिक्षकाला तासाला १,५०० आणि महिन्याला फार तर ५०,००० रुपये द्यावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली सांगितले. यांच्या हाती त्याच्या निम्मेही पडत नाहीत. घरमालक आणि वाणी मात्र तासिका तत्त्व मानीत नाहीत. त्यांचा महिना पुरता तीस दिवसांचा!

मध्यमवर्गावरचे प्रकरण शिकवताना एका मुलाने यांना विचारले, "सर, तुम्ही कोणत्या वर्गातले?"

"सध्या तरी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या!" हे म्हणाले. वर्ग हसला.

घरी येऊन मी हे सांगितले. सौभाग्यवतींनी मुकाट्याने फराळाचा एक डबा जास्त भरला आणि म्हणाल्या, "डबा मी देते. पण सुट्टीनंतरच्या सभेत तुम्ही तोंड उघडणार की चकलीच खाणार?"

चकली घशाखाली उतरेना. सभेत बोलायचे ठरविले आहे.