कुंभकोणमची रसवांगी

रसवांगी. शब्द जरा फोडून वाचा: रस आणि वांगी. कुंभकोणममधल्या एका छोट्या खानावळीत केळीच्या पानावर ही भाजी पडली, वाढप्याने तिचं नाव सांगितलं आणि आमचा धाकटा चमकून म्हणाला, "आई, हे काका मराठी बोलतायत?" काका शुद्ध तमिळच बोलत होते. तमिळमध्ये वांग्याला कत्तिरिक्काय म्हणतात. भाजीचं नाव मात्र रसवांगी, आणि ते तिथल्या घराघरांत चालतं.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचा उद्योग ठाऊक आहे. महिन्याला एक देश निवडायचा, तिथलं जेवण घरी करून पाहायचं, आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष जाऊन खायचं. इथिओपियाचा इंजेरा झाला, जपानचं मिसो सूप झालं, मेक्सिकोच्या टाकोंनी तर आमच्या पोळपाटाची परीक्षा पाहिली. या वेळी मात्र परदेश नव्हता. नवऱ्याला दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर पाहायचं होतं. ते बाराव्या शतकातलं आहे, कुंभकोणमच्या अगदी जवळ आहे आणि जागतिक वारशाच्या यादीत आहे. मंदिर सुंदरच आहे, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी पानावर काय वाढलं होतं ते सांगते.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथलं भोसल्यांचं राज्य १८५५पर्यंत टिकलं. राजाबरोबर कारकून आले, कीर्तनकार आले, आचारी आले. कुंभकोणम तंजावरपासून चाळीसेक किलोमीटरवर, कावेरीकाठी. तिथेही मराठी घरं रुजली. शेजारी त्यांना 'रायर' म्हणतात, म्हणजे आपले 'राव'. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच गावात, अशाच एका मराठी घरात १८२८ साली जन्मले.

राज्य गेलं, पण चुलीवरचे शब्द राहिले. 'पिटलै' घ्या. नाव आपल्या पिठल्यावरूनच आलं असं मानतात, पण समोर येतं ते वेगळंच: तूरडाळ, कारलं, चिंच, आणि भाजलेल्या धणे-हरभराडाळ-खोबऱ्याचं वाटण. बेसनाचा पत्ता नाही. 'डांगर पच्चडी' मात्र पहिल्या घासालाच ओळखीची लागते: उडदाचं पीठ, दही, वर फोडणी. माझी आजी डांगर करायची ते हेच. 'पोळी' मागाल तर गोड पुरणपोळी येईल, कारण तिथे पोळीचा अर्थ तेवढाच. थोरलीने भाजीबरोबर खायला म्हणून दोन मागितल्या आणि मग मुकाट्याने दोन्ही संपवल्या. तिची काही तक्रार नव्हती.

भांड्यांच्या बाजारात 'ईय चोंबु' दिसला. चोंबु म्हणजे आपला चंबूच. हा कथिलाचा असतो आणि रस्सम त्यातच उकळायचं अशी रीत आहे. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे रिकामा चंबू गॅसवर ठेवायची सोय नाही. आधी पाणी, मग आच. दुकानदाराने हे आम्हाला तीनदा बजावलं, चौथ्यांदा हातवारे करून. गावाचं नावच कुंभावरून पडलेलं, तेव्हा भांड्याच्या बाबतीत इथली माणसं गंभीर असणारच.

आता सांबार. संभाजी महाराज तंजावरला आले, आमटीसाठी आमसुलं मिळेनात, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून 'सांबार' झालं, ही गोष्ट तुमच्याही फोनवर आली असेल. गोष्ट झकास आहे, पण तिला त्या काळातला कागदाचा आधार नाही. शिवाय माझी एक स्वयंपाकघरातली शंका आहे. चिंचगुळाची आमटी देशावर घरोघरी होते. मग चिंच घालणं ही मराठी आचाऱ्याला सुचलेली नवलाची युक्ती कशी? 'संभार' हा साहित्याला, मसाल्याला वापरला जाणारा शब्द जुनाच आहे, मला तिकडूनच वाट जास्त सरळ वाटते. मुलांना मी दोन्ही सांगितलं. त्यांना अर्थातच महाराजांचं आवडलं.

कागदाचा आधार आहे तो दुसऱ्या एका गोष्टीला. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी हस्तलिखित तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केलं आहे. त्यात इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांच्याही कृती आहेत. म्हणजे परक्यांचं जेवण मराठीत लिहून ठेवायचं आणि घरी करून पाहायचं, हा आमचा उद्योग दोनशे वर्षांपूर्वीच एका राजवाड्यात होऊन गेला आहे. हे कळल्यावर नवऱ्याने आमच्या डाग पडलेल्या वहीला 'पाकशास्त्र' म्हणायला सुरुवात केली.

एका दुपारी ओळखीतून एका रायर घरी जेवायला गेलो. ऐंशी पार केलेल्या आजी आमच्याशी मराठीत बोलत होत्या. हेल तमिळ, मधूनच तमिळ शब्द, पण मराठीच. मुलगा त्यांना तमिळमध्ये उत्तर देत होता. बंगळूरला नोकरी करणारी नात आमच्याशी इंग्रजीत बोलली. मराठी येत नाही, असं तिने सरळ सांगितलं. मग आजींनी आतून आवाज दिला, वाटी आण, गूळ आण, डाळ बघ. ती उठली, बरोबर तेच घेऊन आली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "हे मला येतं. हे स्वयंपाकघर आहे."

आजींची कुठलीही कृती लिहिलेली नाही. मापं विचारली की हाताची चिमूट किंवा ओंजळ दाखवतात, "इतकं". तुम्ही पिठलं कशाचं करता, असं त्यांनी मला विचारलं. नुसत्या बेसनाचं म्हटल्यावर त्या हसल्या, आणि त्या हसण्यात थोडी कीवही होती. थोरलीने त्यांची रसवांगी फोनवर चित्रित केली, वाटण किती जाडसर ठेवायचं इथपासून. निघताना नातीने ते चित्रण मागून घेतलं. थोरली म्हणाली, खाली इंग्रजी ओळी टाकून पाठवते. नात म्हणाली, टाक, पण आवाज तसाच ठेव.

घरी आल्यावर करून पाहिली. चौघांसाठी मापं अशी, आजींच्या चिमटी-ओंजळींचं आम्ही केलेलं रूपांतर:

पाव किलो छोटी वांगी चिरून, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ पाण्यात मिसळून त्यात हळद-मीठ घालून शिजवा. अर्धी वाटी तूरडाळ वेगळी मऊ शिजवून ठेवा. चमचाभर तेलात दोन चमचे धणे, एक चमचा हरभराडाळ, चार सुक्या मिरच्या आणि हिंग खमंग भाजा. गॅस बंद करून पाव वाटी ओलं खोबरं त्याच कढईत परता आणि सगळं थोडं जाडसर वाटा. वांगी शिजली की डाळ आणि वाटण घालून पाच मिनिटं उकळा. सांबारापेक्षा दाट, पिठल्यापेक्षा सैल ठेवा. वरून मोहरी, उडदाची डाळ आणि कढीपत्त्याची फोडणी. भिजवून शिजवलेले मूठभर हरभरे घातले तर उत्तमच. गूळ घालायचा मोह मला झाला, पण आजींच्या चित्रणात गूळ नाही, म्हणून पहिल्या वेळी घातला नाही. भाताबरोबर खा, आणि उरलीच तर दुसऱ्या दिवशी दहीभाताशेजारी वाढा. मुरल्यावर ती जास्त चांगली लागते.