पत्रिकेंतला गुरु आणि आकाशांतला गुरु

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजीं, महाराष्ट्रांत घरोघरीं गुढ्या उभारल्या गेल्या आणि नव्या पंचांगाची पूजा झाली. त्याच सायंकाळीं, पावणेआठच्या सुमारास, खानदेशापासून विदर्भापर्यंतच्या लोकांनीं आकाशांतून जळत्या निखाऱ्यांची एक माळ सरकत जातांना पाहिली. आमच्या शहादा तालुक्यास लागून असलेल्या बडवानी जिल्ह्यांतहि ती दिसली. कोणी तिला उल्कापात म्हटलें, कोणी विमान पेटलें म्हणून हळहळले, कोणास तें शत्रूचें क्षेपणास्त्र वाटलें, आणि परग्रहावरील पाहुणे आले म्हणून आनंद मानणारेहि कांहीं निघाले. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी ह्या गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें एक धातूचें कडें पडलें, आणि त्याच तालुक्यांत पवनपार येथें एक गोळा सांपडला. 'इस्रो'चे शास्त्रज्ञ तेथें जाऊन पाहणी करून आले. फेब्रुवारी २०२१ मध्यें चीननें सोडलेल्या 'लाँग मार्च ३-बी' ह्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोंवतीं फिरत होता आणि तोच त्या सायंकाळीं वातावरणांत शिरून जळाला, असा उलगडा जोनाथन मॅकडॉवेल ह्या ज्योतिर्विदानें केला.

चिनी अग्निबाणाची कक्षा आम्हांस ठाऊक नव्हती ह्याबद्दल कोणी कोणास दोष देणार नाहीं. दोष आहे तो निराळा. उल्का सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर इतक्या वेगानें येते व बहुधा एक-दोन सेकंदांतच विझून जाते. पृथ्वीभोंवतीं फिरणारी मानवनिर्मित वस्तु खालीं येते तेव्हां तिचा वेग सेकंदास ८ किलोमीटरांच्या आंत असतो आणि तिची वाट जवळजवळ क्षितिजाशीं समांतर असते. म्हणून तिचे तुकडे एकामागून एक, एकाच रेषेंत, मिनिटभर किंवा त्याहूनहि अधिक वेळ जळत जातांना दिसतात. हा भेद ओळखण्यास दुर्बीण लागत नाहीं. मनांतल्या मनांत आंकडे मोजतां आले म्हणजे पुरे. हजारों लोकांनीं तें दृश्य पाहिलें, टिपलें आणि एकमेकांस धाडलें. मोजलें मात्र फारच थोड्यांनीं.

सामान्य जनांची ही गत, तर ज्यांच्या हातीं शस्त्र आहे त्यांची काय? त्याचें उत्तर लडाखमध्यें मिळालें आहे. ऑगस्ट २०१२ पासून पुढील फेब्रुवारीपर्यंत पँगाँग सरोवराच्या परिसरांत पहाऱ्यावरील जवानांना रात्रीमागून रात्री तेजस्वी वस्तु दिसूं लागल्या. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या हकीकतीप्रमाणें अशा दर्शनांच्या ३२९ नोंदी झाल्या, आणि त्यांपैकीं १५५ वेळां त्या वस्तूंनीं आपली हद्द ओलांडली असें लिहिलें गेलें. चीनचीं टेहळणी करणारीं मानवरहित विमानें असावींत, हा संशय. डोंगरमाथ्यावर रडार नेलें. रडारास कांहीं सांपडेना. त्या दिशेनें आपलें मानवरहित विमान धाडलें; तें जवळ पोहोंचेना. पुढें बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील ज्योतिर्विदांचें साहाय्य घेतलें गेलें. वस्तु केव्हां दिसते, ताऱ्यांच्या मानानें कोठें असते व कशी सरकते, ह्याचा विचार झाला, आणि २०१३ च्या जुलैमध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एक वस्तु गुरु, दुसरी शुक्र.

वाचकांनीं येथें जवानांस हंसूं नये. चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर हवा विरळ, कोरडी व स्वच्छ असते. तेथील ग्रहांचें तेज मैदानांतील माणसाच्या कल्पनेंत येणार नाहीं. क्षितिजालगतचा ग्रह लुकलुकतो, रंग पालटतो, आणि ढग धांवत असले तर तोच धांवतो असा भास होतो. शिवाय अनोळखी उजेडाचा संशय घेणें हें पहारेकऱ्याचें कर्तव्यच आहे. पण ह्या भ्रमाची किंमत काय झाली असती तेंहि ध्यानीं घ्यावें. त्याच एप्रिलमध्यें चिनी तुकडीनें देपसांगच्या पठारावर तंबू ठोकले आणि सुमारें तीन आठवडे दोन्हीं बाजूंचे सैनिक समोरासमोर उभे राहिले. इतक्या ताणलेल्या सरहद्दीवर बृहस्पतीची गणना शत्रूच्या विमानांत होणें ही विनोदाची गोष्ट खास नव्हे.

आतां त्या वर्षाचें कोणतेंहि मराठी पंचांग काढून पहावें. मे २०१२ पासून पुढील मे महिन्याच्या अखेरपर्यंत गुरु वृषभ राशींत, हें त्यांत छापलेलें आहे. आकाशांतहि तो तेथेंच, रोहिणीच्या तांबूस ताऱ्याजवळ होता. ३ डिसेंबर २०१२ रोजीं तो सूर्याच्या समोर येऊन रात्रभर झळकत होता. शुक्र त्या ऑगस्टपासून पहाटे पूर्वेस तेजानें तळपत होता, आणि अवघ्या दोन महिन्यांपूर्वीं, ६ जूनला, सूर्यबिंबावरून त्याचें अधिक्रमण झालें तें देशांत ठिकठिकाणीं लोकांनीं पाहिलें होतें. म्हणजे जें कोडें सोडविण्यास रडार चढवावें लागलें, त्याचें उत्तर थोड्या रुपयांच्या पुस्तकांत आधींच छापलेलें होतें.

आमचा वाद आहे तो ह्या ठिकाणीं, आणि तो जवानांशीं नसून आम्हां सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांशीं आहे. मुलीचें लग्न ठरवितांना आम्ही गुरुबळ पाहतों. गुरु किंवा शुक्र अस्तंगत असला म्हणजे विवाहाचे मुहूर्त धरीत नाहीं. गुरु सिंह राशींत आला म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरीं सिंहस्थ भरतो; २०१५ सालीं भरला तेव्हां लाखों लोकांनीं गोदावरींत स्नान केलें. त्या लाखोंपैकीं किती जणांनीं मान वर करून, ज्याच्यासाठीं हा सोहळा तो गुरु एकदां तरी डोळ्यांनीं पाहिला असेल? 'अस्त' ह्या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? ग्रह सूर्याच्या इतका जवळ गेला कीं तो डोळ्यांस दिसत नाहीं, हा. ज्याला ग्रह दिसतो त्यालाच त्याचें न दिसणें कळावयाचें! आम्ही अस्त पाळतों, पण जें मावळलें तें कसें दिसत होतें हें सांगतां येत नाहीं.

शाळा-महाविद्यालयांची तऱ्हा ह्याहून निराळी नाहीं. गुरूस सूर्याभोंवतीं फिरण्यास किती काळ लागतो, असें वर्गांत विचारावें. 'सुमारें बारा वर्षें' असें उत्तर तत्काळ येतें. आज रात्रीं गुरु कोणत्या दिशेस दिसेल, असें विचारावें. सारा वर्ग स्तब्ध. पहिल्या प्रश्नास गुण आहेत, दुसऱ्यास नाहींत. अशा वर्गांतून निघालेला मुलगा पुढें अधिकारी होवो, पत्रकार होवो कीं सैनिक होवो, आकाश त्याला अनोळखीच राहणार.

ह्यावर एक आक्षेप नेहमीं येतो. 'अहो, मोठमोठ्या राष्ट्रांचीं सैन्यें ह्या वस्तूंची चौकशी करतात. कांहीं असल्याखेरीज का करतात?' चौकशी हा पुरावा मानण्याची ही पद्धत मोठी विलक्षण आहे. अमेरिकेच्या हवाई दलाकडे १९४७ पासून १९६९ पर्यंत अशा १२,६१८ वार्ता जमा झाल्या. त्यांपैकीं ७०१ अनिर्णीत राहिल्या. अनिर्णीत म्हणजे ज्यांचा कोणत्याहि ज्ञात वस्तूशीं मेळ घालतां आला नाहीं त्या. न्यायालयांत साक्षीपुरावा अपुरा पडून खटला निकालांत निघाला, तर खून भुतानें केला असें आपण म्हणत नाहीं. ब्राझीलच्या उत्तर किनाऱ्यावर कोलारेस येथें १९७७ सालीं आकाशांतून येणारे प्रकाशझोत अंगास भाजतात अशी तक्रार रहिवाश्यांनीं केली. तेथील हवाई दलानें माणसें व कॅमेरे धाडून कांहीं महिने चौकशी केली आणि परग्रहावरील कोणी सिद्ध न होतांच ती मिटविली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढें २००४ सालीं अमेरिकन आरमाराच्या वैमानिकांनीं पाहिलेल्या वस्तूचें चित्रण २०२० मध्यें अधिकृतपणें प्रसिद्ध झालें. आणि २०२४ मध्यें त्याच राष्ट्राच्या संरक्षण खात्यानें आपल्या साऱ्या जुन्या चौकश्यांचा आढावा घेऊन परग्रहीय यंत्रांचा कांहींच पुरावा नाहीं असें सांगितलें. आमच्या देशांत १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं इंफाळच्या विमानतळावर अनोळखी वस्तु दिसली म्हणून उड्डाणें कांहीं तास थांबलीं आणि 'राफेल' विमानें शोधास गेलीं. त्यांना कांहीं सांपडलें नाहीं. सैन्य चौकशी करतें तें उद्यांचा हल्ला चुकविण्यासाठीं. त्या चौकशीवरून परलोकाचे मनोरे रचणाऱ्यांनीं सैन्याचें काम ओळखलेलें नाहीं.

दूरच्या ग्रहांवर जीवसृष्टि असूं शकेल कीं नाहीं, हा प्रश्न अगदीं स्वतंत्र आहे व तो मोठा सुंदर प्रश्न आहे. तो सोडविण्यास जे लोक आयुष्य वेंचतात त्यांना प्रत्येक दिव्यांत पाहुणा पाहणाऱ्यांची मदत होत नाहीं, अडचण मात्र होते.

दुसरा आक्षेप आमच्याच सुधारक मित्रांचा. 'पंचांग कसलें सांगतां? तें जुन्या भोळेपणाचें बाड. तें टाकून द्या.' ह्या मित्रांना आपलाच इतिहास ठाऊक नाहीं. केरूनाना छत्रे ह्यांनीं १८६५ सालीं पटवर्धनी पंचांग सुरू केलें तें कशासाठीं? जुन्या गणितानें येणारें ग्रहांचें स्थान आणि आकाशांत दिसणारें स्थान ह्यांत अंतर पडूं लागलें होतें म्हणून. पेशानें शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालीं बाहेर पडला, 'ज्योतिर्गणित' लिहिणारे व्यंकटेश बापूजी केतकर, स्वतः लोकमान्य टिळक, ह्या मंडळींनीं पंचांगशोधनाचा वाद वर्षानुवर्षें चालविला. त्यांचीं मतें परस्परांशीं सर्वत्र जुळत नव्हतीं. पण गणित डोळ्यांच्या साक्षीशीं जुळलें पाहिजे, ज्यास शास्त्रांत दृक्प्रत्यय म्हणतात तो आला पाहिजे, ही त्या चळवळीची मुख्य मागणी होती. त्यांनीं पंचांग आकाशाशीं जुळवून दिलें; आम्ही तें भिंतीस टांगलें आणि आकाशाकडे पाठ केली. फलज्योतिष कोणी मानावें न मानावें. पण पंचांगाचें जें अर्ध अंग निखालस खरें, तेंच आम्ही वापरीत नाहीं.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. लाडबोरीचें तें कडें एखाद्या झोपडीवर पडलें असतें तर? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें, अवकाशांत सोडलेल्या वस्तूनें पृथ्वीवर जें नुकसान होईल त्याची भरपाई ती सोडणाऱ्या राष्ट्रानें करावयाची असते. त्यांत त्याची चूक सिद्ध करण्याचीहि गरज नाहीं. १९७८ च्या जानेवारींत रशियाचा 'कॉसमॉस ९५४' हा अणुशक्तीवर चालणारा उपग्रह कॅनडांत कोसळला, तेव्हां कॅनडानें दावा मांडला आणि १९८१ मध्यें तीस लाख कॅनेडियन डॉलर वसूल केले. पण त्यासाठीं वस्तु कोणाची हें आधीं ओळखावें लागतें. परग्रहावर नोटीस बजावतां येत नाहीं! ज्या गांवकऱ्यांनीं आकाशांतून पडलेली वस्तु जपून ठेवून पोलिसांस कळविलें, वेळ व दिशा नीट सांगितली, त्यांनीं आपला हक्क राखला. ज्यांनीं चमत्कार म्हणून तिला हळदकुंकू वाहिलें, त्यांचा हक्क त्या हळदकुंकवाबरोबर वाहून गेला असें समजावें. येत्या वर्षांत अग्निबाण वाढतच जाणार. तेव्हां असे प्रसंगहि वाढतील.

उपाय खर्चाचा नाहीं. शहाद्यासारख्या गांवांत दिव्यांचा उजेड वाढला असला तरी गुरु आणि शुक्र कोणत्याहि गच्चीवरून दिसतात; सातपुड्यांत तोरणमाळच्या पठारावर गेलें तर आकाशगंगाहि दिसते. भूगोलाच्या शिक्षकानें वर्षांतून चार रात्री मुलांस पटांगणांत बोलवावें आणि आकाशांत ग्रह ओळखून दाखविण्यास गुण ठेवावे. पहाऱ्याच्या प्रत्येक चौकींत त्या महिन्याचा आकाशाचा नकाशा टांगलेला असावा. शत्रूच्या विमानांच्या आकृत्या जेथें शिकवितात तेथें ग्रहांचे उदयास्तहि शिकवावे. आणि चौकशी झाली म्हणजे तिचा निष्कर्ष शासनानें त्या त्या गांवच्या भाषेंत, चावडीवर वाचून दाखवावा. कारण गुप्ततेच्या अंधारांत अफवांना पुष्कळ पाय फुटतात.

आणि कुटुंबांनीं काय करावें? येत्या पाडव्यास पंचांगाचें वाचन होईल, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं संवत्सरफल वाचून थांबूं नये. गुरु कोणत्या राशींत आहे तें पहावें, आणि तो रात्रीं दिसण्याजोगा असेल तेव्हां नातवंडांना गच्चीवर नेऊन बोटानें दाखवावा. ज्या मुलानें तो एकदां असा पाहिला, तो पुढें कोणत्याहि सरहद्दीवर उभा राहिला तरी त्याच्यावर बंदूक रोखणार नाहीं.