लॉकेटमधली किल्ली

लाऊरा एस्किवेल यांची 'कोमो आग्वा पारा चोकोलाते' ही १९८९ सालची मेक्सिकन कादंबरी आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे ती आल्फोन्सो आराऊ यांच्या १९९२ सालच्या चित्रपटामुळे. तिचा विषय निघाला, की गुलाबपाकळ्यांत शिजवलेले लावे आणि ते खाऊन पेटलेली, क्रांतिकारकाच्या घोड्यावर विवस्त्र पळून जाणारी हेर्त्रूदिस हटकून आठवते. बंड ते हेच, असे गृहीत धरले जाते. मला ते पटत नाही. हेर्त्रूदिस गेली म्हणून घराचा नियम मोडला नाही. मागे राहिलेल्या तिताभोवती तो अधिकच आवळला गेला.

नियम असा: दे ला गार्सा घराण्यातल्या धाकट्या मुलीने लग्न करायचे नाही, आई असेतो तिची सेवा करायची. तिताला मागणी घालणारा पेद्रो मग तिच्या बहिणीशी, रोसाऊराशी, लग्न करतो. का, तर तिताजवळ राहता यावे म्हणून! (या नायकाविषयी मला कधी आदर वाटला नाही.) तिताला मात्र प्रारंभीच एक साधा प्रश्न पडतो: अशा मुलीचे म्हातारपण कोणी पाहायचे?

मामा एलेना (स्पॅनिशमध्ये 'मामा' म्हणजे आई) लाकडी डावाने मुलीचे नाक फोडणारी बाई. ती गेल्यावर तिच्या गळ्यातल्या लॉकेटमध्ये एक लहानशी किल्ली मिळते आणि तिने उघडलेल्या पेटीत होसे त्रेविन्योची पत्रे. त्याच्या अंगात कृष्णवर्णीयांचे रक्त होते, म्हणून घरच्यांनी हे प्रेम तोडले; हेर्त्रूदिस त्याचीच मुलगी. परंपरेची ही राखणदार स्वतःच तिची बळी होती आणि चोरून केलेल्या बंडाची धनीणही. तिने ते बंड कुलूपबंद ठेवले, म्हणूनच नियम शाबूत राहिला. या आईसाठी तिता रडते, तिथे कादंबरी मला सर्वांत मोठी वाटते.

पुढे रोसाऊरा तोच नियम आपल्या एकुलत्या मुलीला, एस्पेरान्साला, लावू पाहते, तेव्हा तिता उघड भांडते. खरे बंड हे. पण एस्किवेल इथे कच खातात. रोसाऊराला त्या पोटाच्या विकाराने मारतात आणि वाद जिंकण्याची गरजच उरू देत नाहीत. एस्पेरान्साचे लग्न होते. त्याच रात्री सगळा वाडा जळून जातो आणि राखेखाली तिताची पाककृतींची वही तेवढी सापडते.