पेपर तुमचाच, मदत मात्र हक्काची

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, रात्री अकराच्या सुमाराला भाचीचा फोन आला. नगररचनेच्या मास्टर्ससाठी इंदूरहून अमेरिकेला जाऊन तिला जेमतेम महिना झाला होता.

"मावशी, पहिल्याच पेपरला सी मिळालाय. आणि खाली प्रोफेसरांनी एवढंच लिहिलंय, की तुझं स्वतःचं म्हणणं काय आहे?"

तिकडे पेपर म्हणजे परीक्षा नव्हे. दिलेल्या विषयावर वाचन करून, आधार देऊन लिहिलेला आठ-दहा पानांचा निबंध. इंग्रजी माध्यमात शिकलेली, कायम पहिल्या पाचांत असणारी ही मुलगी रडकुंडीला आली होती. पण मला धडकी भरली ती तिच्या पुढच्या वाक्याने. एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी 'पेपर लिहून मिळतील' म्हणून पानामागे दर टाकले होते आणि ती त्याचा हिशेब करत होती.

"पैसे देऊ नकोस. आधी तुझ्या विद्यापीठात रायटिंग सेंटर आहे का बघ," मी म्हटलं.

"ते ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांच्यासाठी असतं गं!"

नेमका हाच गैरसमज घेऊन आपली अनेक मुलं तिथल्या दारावरून परत फिरतात.

हे सेंटर असतं तरी काय?

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत लेखनासाठी मदत करणारं असं केंद्र असतं. त्याचा वेगळा आकार सहसा पडत नाही, कारण ती सोय फीमध्येच धरलेली असते. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते. एक बैठक साधारण अर्धा ते एक तास चालते आणि अनेक ठिकाणी ती व्हिडिओ कॉलवरही होते. समोर बसणारा ट्यूटर बहुतेक वेळा त्याच विद्यापीठाचा, खास प्रशिक्षण घेतलेला विद्यार्थी असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांपासून पीएचडी करणाऱ्यांपर्यंत सगळे तिथे जातात.

ट्यूटर काय करत नाही, हेही आधीच माहीत असावं. तो पेपर लिहून देत नाही, ओळीओळीच्या चुका सुधारून देत नाही आणि किती ग्रेड मिळेल हेही सांगत नाही. तो प्रश्न विचारतो. तुमचा पेपर सुधारावा यापेक्षा तुम्ही पुढचा पेपर स्वतः नीट लिहावा, हा त्याचा हेतू असतो.

पंचेचाळीस मिनिटांत काय झालं?

भाची शेवटी गेली. तिचा विषय होता शहरांचा पाणीपुरवठा. ट्यूटरने पहिलं पान मोठ्याने वाचायला सांगितलं. पाणी म्हणजे जीवन, प्राचीन संस्कृती नदीकाठी वसल्या, अशी आपल्या शालेय निबंधांतली सुरुवात दीड पान चालली होती. वाचताना तिचं तिलाच जाणवायला लागलं.

मग त्याने कागद बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "यात तुला स्वतःला काय खटकतं?"

ती बोलायला लागली. इंदूरला सुमारे सत्तर किलोमीटरवरून नर्मदेचं पाणी पंपाने वर चढवून आणतात. लांबचं पाणी नळाला आलं, की शहराला जवळच्या तलाव-विहिरींचा विसर पडतो.

"हे तुझ्या पेपरमध्ये कुठे आहे?" त्याने विचारलं. ते होतं शेवटच्या पानावर, दोन ओळींत. तिला सांगायचं होतं ते सगळ्यात मागे राहिलं होतं.

आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. एका अहवालातल्या दोन परिच्छेदांत तिने फक्त शब्द बदलले होते, वाक्यांची रचना तीच आणि संदर्भ दिलेला नाही. तिला ही चोरी वाटलीच नव्हती. आपल्याकडे पुस्तकातल्या भाषेत उत्तर लिहिलं की मार्क मिळतात, म्हणून मुलं तीच सवय घेऊन जातात. तिथे मात्र ही वाङ्मयचौर्याची केस होऊ शकते.

प्रोफेसरांनी पेपर पुन्हा लिहायची मुभा दिली होती. तिने शेवटचं पान पुढे आणलं, संदर्भ दिले. दुसऱ्यांदा बी प्लस मिळाला.

विकतच्या पेपरची खरी किंमत

पैसे देऊन पेपर लिहून घेणं पकडलं गेलं, तर त्या विषयात नापास होण्यापासून विद्यापीठातून निलंबनापर्यंत काहीही होऊ शकतं. अमेरिकेत निलंबन झालं तर विद्यार्थी व्हिसावरचा मुक्कामही धोक्यात येतो. असे पेपर पुरवणाऱ्या धंद्यांवर ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. शिवाय पेपर लिहून देणारेच पुढे 'विद्यापीठाला कळवू' अशी धमकी देऊन आणखी पैसे उकळतात, असेही प्रकार घडले आहेत.

जाताना हे लक्षात ठेवा

• पेपर द्यायच्या आदल्या दिवशी जाऊ नका. किमान चार-पाच दिवस हाताशी ठेवा. सत्राच्या शेवटी अपॉइंटमेंट मिळणं कठीण जातं.

• प्रोफेसरांनी दिलेला मूळ प्रश्न आणि गुणांचे निकष सोबत न्या. त्यावाचून ट्यूटरला दिशा कळत नाही.

• मसुदा अर्धवट असला तरी चालतो. नुसते मुद्दे घेऊनही जाता येतं.

• 'जरा बघून द्या' म्हणू नका. 'माझा मुख्य मुद्दा पहिल्या पानावर कळतो का?' असा नेमका प्रश्न न्या.

• आधी मुद्दा आणि मांडणी, मग व्याकरण. जो परिच्छेद पुढे काढूनच टाकायचा आहे, त्यातले स्वल्पविराम सुधारून काय उपयोग?

• एआयची मदत किती चालते, हे प्रत्येक विषयाच्या प्रोफेसरांना आधीच विचारा. नियम वर्गावर्गाला वेगळे असतात.

इथे शिकत असाल तर

आपल्याकडे अशी केंद्रं मोजकीच आहेत. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात ती सोय आहे. पण गरज सगळीकडे आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे शिक्षा वाढत जाते आणि ६० टक्क्यांवर साम्य आढळलं तर नोंदणीच रद्द होते.

सेंटर नसेल, तर दुसऱ्या विषयाच्या मित्राला बसवा, पेपर मोठ्याने वाचा आणि 'मला काय म्हणायचंय, सांग' असं त्याला विचारा. संदर्भ कसे द्यायचे यासाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं 'आउल' हे संकेतस्थळ मोबाइलवर कुणालाही मोफत बघता येतं. ते इंग्रजीत आहे, पण उदाहरणं सोपी आहेत.

आणि आई-बाबांनो, असा फोन तुमच्याकडे आला तर 'एवढे लाखो रुपये भरले ते यासाठी का?' हे वाक्य गिळून टाका. त्या वाक्याच्या भीतीनेच मुलं पेपर विकणाऱ्यांकडे वळतात. त्याऐवजी एवढंच विचारा, "रायटिंग सेंटरची अपॉइंटमेंट कधीची मिळाली?"