आधी गावाला विचारा

हेमलकसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोकबिरादरी प्रकल्प येतो. 1973 साली बाबा आमटे यांनी सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभा केलेला. दवाखाना, आश्रमशाळा, जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांचं घर. विदर्भातल्या किती तरी शाळा-कॉलेजांच्या सहली तिथे जातात, तुमच्यापैकीही काही जण जाऊन आले असतील. आपण प्राणी बघतो, भामरागडला नद्यांचा संगम बघतो, फोटो काढतो आणि परततो. पण त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी माडिया गावं आहेत, तिथला एक मोठा प्रश्न सहलीत दिसत नाही. इथे नवं काय बांधायचं, कुठे बांधायचं, त्यासाठी किती जंगल द्यायचं, हे कोण ठरवणार?

शहरात याचं उत्तर आपण निदान ऐकलेलं असतं: महापालिका, नगररचना विभाग, नियोजन समिती. जंगलातल्या गावासाठी कायद्याने वेगळं उत्तर दिलं आहे. ते म्हणजे ग्रामसभा. सरपंच नाही, सदस्य नाहीत. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक बाई.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गावातल्या विकासाच्या योजना मंजूर करण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 साली केले. 2006 च्या वनहक्क कायद्यात तर अगदी छोट्या कामांचीही रीत आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, रस्ता, विजेच्या तारा, पाण्याची टाकी, तळं अशा तेरा प्रकारच्या कामांसाठी वनजमीन देता येते. अटी दोन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, ही एक. ग्रामसभेची शिफारस हवी, ही दुसरी. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जातो तो ठराव जोडूनच. म्हणजे कागदावर क्रम स्पष्ट आहे: आधी गावाचा ठराव, मग साहेबाची सही.

अंगणवाडीच्या बाबतीत हा क्रम बहुतेक वेळा पाळला जातो, कारण अंगणवाडीत कुणाचे कोट्यवधी रुपये अडकलेले नसतात. खरी परीक्षा मोठ्या अर्जाच्या वेळी होते.

भामरागडला लागूनच एटापल्ली तालुका आहे, तिथे सुरजागडचा डोंगर. डोंगरात लोखंड आहे आणि डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत आसपासच्या गावांतले आदिवासी तिथे यात्रेला जमतात. 2007 साली इथल्या सुमारे 348 हेक्टरवर एका खासगी कंपनीला खाणपट्टा मिळाला. बरीच वर्षं काम रखडलं, 2021 पासून ते जोरात सुरू झालं. मग उत्पादन वर्षाला 30 लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याचा प्रस्ताव आला. अशा प्रस्तावावर जनसुनावणी घ्यावी लागते. 2006 ची पर्यावरण अधिसूचना सांगते की ती प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ व्हावी. प्रत्यक्षात ती 27 ऑक्टोबर 2022 रोजी झाली गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयात. बाधित गावांपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर. पुढच्या मार्चमध्ये विस्ताराला पर्यावरण मंजुरी मिळालीही.

कायदा-सुव्यवस्थेचं कारण तिथे नेहमीच देता येतं आणि ते पूर्ण खोटंही नाही. त्या भागात नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांना मारलं आहे, 2016 साली सुरजागडला लोहखनिज वाहून नेणारी कित्येक वाहनं जाळली आहेत. पण म्हणून सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायची? एका माडिया बाईने काय करायचं? एक दिवसाची मजुरी सोडायची, बसभाडं भरायचं, पोलीस बंदोबस्तातून त्या कार्यालयात शिरायचं आणि जी भाषा तिच्या घरात कुणी बोलत नाही त्या भाषेतल्या अहवालावर आक्षेप नोंदवायचा. असं केलं की नियमाप्रमाणे सुनावणी झाली असं लिहिता येतं. ऐकून घेतलं असं म्हणता येत नाही.

मुळात गावाला विचारण्याची अटच हळूहळू सैल होते आहे. 2009 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सांगितलं होतं की वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती हवी. 2022 च्या नव्या नियमांमध्ये केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता करून घेण्याची जबाबदारी नंतर राज्यावर, अशी मांडणी झाली. वर मंजुरी मिळून गेल्यावर खाली गावात जो विचारायला येतो, तो विचारत नाही, कळवत असतो.

इथे आपल्यातला कुणी तरी विचारेल, आणि विचारायलाच हवं: मग काय विकास नको? आदिवासी पोरांनी जंगलातच राहायचं? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. बाळंतीण खाटेवरून न्यावी लागते. खाणीने रोजगार दिला आहे, पगार घेणारे तरुण त्याच जिल्ह्यातले आहेत. हे सगळं खरं आहे. म्हणूनच मी खाण चांगली की वाईट हे इथून ठरवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते नागपूर-मुंबईत बसून मी ठरवू नये आणि तुम्हीही ठरवू नये. ज्याचं पाणी लाल होणार आणि ज्याच्या पोराला नोकरी मिळणार, त्याने ठरवावं, पूर्ण माहिती हातात घेऊन.

ग्रामसभा म्हणजे नकारघंटा, हा समज चुकीचा आहे. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे छोटं गोंड गाव आहे. 2009 साली त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्यांपैकी एक. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपवला. तोवर तो वनखात्याकडे होता. गावाने बांबू विकला, पैसे कमावले, कामं केली. हे जमलं कारण त्यांची रीत पक्की आहे. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. आणि सभेच्या आधी अभ्यासगट: कायदा काय सांगतो, हिशोब काय आहे, हे बसून समजून घ्यायचं. आपल्याकडे सभा आधी होते आणि विषय नंतर कळतो.

दुसरं उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचं. बॉक्साइटसाठी डोंगर द्यायचा का, हे डोंगरिया कोंध आदिवासींच्या ग्रामसभांनी ठरवावं असं सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी सांगितलं. जिल्हा न्यायाधीश दर्जाचे निरीक्षक बसवून, पावसात, डोंगरातल्या गावांमध्ये बारा ग्रामसभा झाल्या. बाराही गावं नको म्हणाली आणि खाण झाली नाही. मेंढ्याने एका गोष्टीला हो म्हटलं, नियमगिरीने दुसऱ्या गोष्टीला नाही. दोन्हीकडे विचारलं गेलं ते गावात जाऊन.

आता आपल्याकडे वळू या. आपल्या दीनमध्ये मशवऱ्याला काय स्थान आहे, हे वेगळं सांगायला नको. कुरआनातल्या एका सूरेचं नावच अश-शूरा आहे. पण शूराचा धडा मला सर्वांत जास्त भावतो तो उहुदच्या प्रसंगातला. मदिन्यात थांबून लढावं असं रसूलुल्लाह (स.) यांचं स्वतःचं मत होतं. बद्रची संधी हुकलेल्या अनेक तरुण सहाबांना बाहेर मैदानात जायचं होतं. मशवऱ्यात त्यांचा कल भारी ठरला आणि रसूलुल्लाह (स.) बाहेर निघाले. उहुदवर मोठं नुकसान झालं, हजरत हमजा शहीद झाले. त्यानंतर असं म्हणता आलं असतं की पाहा, पोरांना विचारल्याचा हा परिणाम, आता विचारणं बंद. उलट आले-इमरानमधली त्याच प्रसंगाशी जोडलेली 159 वी आयत माफ करायला आणि मशवरा चालू ठेवायला सांगते. गाव चुकेल म्हणून गावाला विचारायचं नाही, या युक्तिवादाला याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

मग आपण स्वतः काय करतो? आलापल्ली, अहेरी, सिरोंचा या भागांत आपली कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत. दुकानं आहेत, वाहनं आहेत, तेंदूपानाचा आणि लाकडाचा व्यवहार आहे. तिथे राहणाऱ्या तरुणाने दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. पहिली: माझ्या वजनकाट्याच्या पलीकडे जो माडिया उभा आहे, त्याच्या ग्रामसभेच्या ठरावाला मी मान देतो की तो टाळण्याच्या वाटा शोधतो? दुसरी: गावाच्या मतदार यादीत माझं नाव आहे म्हणजे ती ग्रामसभा माझीही आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या दिवशी प्रथेप्रमाणे सभा भरते. मी शेवटचा कधी गेलो होतो?

तालुक्याच्या गावांचा आणखी एक पेच आहे. भामरागड, एटापल्ली, अहेरी इथे आता नगरपंचायती आहेत. पेसा ग्रामीण भागासाठी आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी संसदेत 2001 साली विधेयक आलं होतं, ते कायदा झालं नाही. म्हणजे गावाचं शहर झालं की सगळ्यांनी मिळून बसण्याची ती जागाच उरत नाही. तिथले आदिवासी आणि आपण, दोघांचंही यात नुकसान आहे. मागणी एकत्र करता येईल असा हा विषय आहे.

मोठ्या शहरांत राहणाऱ्यांची सबब तर अजिबात चालणार नाही. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध होतो. हरकतींसाठी मुदत मिळते, साधारण 30 दिवसांची. हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे म्हणणं मांडता येतं. शाळेची जागा, दवाखान्याची जागा, रस्त्याची रुंदी, कब्रस्तानाचं आरक्षण, सगळं त्या नकाशात ठरतं. देवनारचं कब्रस्तान अपुरं पडतं म्हणून गोवंडीच्या रहिवाशांना जागेसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. हरकतींनी काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचा 2015 चा मसुदा आठवावा. हजारो हरकती आल्या, गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांना तो आराखडा नव्याने करायला सांगावं लागलं. आपल्या मोहल्ल्यात मात्र नकाशा आला हे कळतं ते मोजणीवाले फीत घेऊन दारात उभे राहिल्यावर.

आणि एक गोष्ट बोलायला कडू आहे, पण बोलतो. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. आपल्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीत किती बाया असतात? नळाला पाणी कधी येतं आणि मुलीच्या शाळेचा रस्ता रात्री सुरक्षित आहे का, हे ज्यांना नेमकं माहीत आहे, त्यांनाच आपण बोलावत नाही. मग जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सुनावणीला नावं ठेवण्याचा आपला हक्क थोडा कमी होतो.

म्हणून तीन साधी कामं सुचवतो. आपल्या गावाचा, प्रभागाचा मंजूर आराखडा मागून घ्या, मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. पाच-सात जणांचा अभ्यासगट करा, त्यात मुली हव्यातच; महिन्यातून एकदा बसा आणि एक कागद नीट वाचा. आणि पुढच्या वेळी हेमलकशाला गेलात तर बिबटं बघून झाल्यावर परतीच्या वाटेवर एखाद्या गावात थांबा. चहा मिळेल, गप्पा होतील. तिथल्या पोरांना विचारा, तुमच्या ग्रामसभेने शेवटचा ठराव कशावर केला? मग त्यांनी तोच प्रश्न आपल्याला उलटा विचारला, तर सांगायला आपल्याकडे काही तरी असावं.