शिकविता येणारी लेखणी

संगणकावर मजकूर लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे जे साधन असते, त्याला इंग्रजीत एडिटर म्हणतात. मासिकाच्या संपादकांनाही तेच नाव असल्यामुळे थोडा घोटाळा होतो, परंतु काम दोघांचे एकच. या साधनांपैकी काहींत एक सोय असते, तिची ओळख वाचकांना करून द्यावी असे वाटते. त्या साधनाला आपण नवे काम शिकवू शकतो. अशा शिकवणुकीला मॅक्रो हे नाव आहे.

मॅक्रोचा प्राथमिक प्रकार म्हणजे निव्वळ पोपटपंची होय. आपण ज्या कळा ज्या क्रमाने दाबल्या, त्या यंत्राने त्याच क्रमाने पुन्हा दाबावयाच्या. वरच्या इयत्तेतला मॅक्रो मात्र विचारल्यासारखे वागतो : असे असेल तर हे कर, नसेल तर ते कर, आणि मजकूर संपेपर्यंत थांबू नकोस. त्यासाठी त्याला एक छोटीशी भाषा असावी लागते. ‘जर-तर’ जाणणारी ही भाषाच सर्व प्रकरणाचे मर्म आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर वापरात होता. त्याच्या आज्ञा अत्यंत त्रोटक असत, तरी त्या जोडून तेथील मंडळी आपापले मॅक्रो रचीत. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील प्रभृतींनी या विखुरलेल्या मॅक्रोंतून ईमॅक्स सिद्ध केला. ‘एडिटिंग मॅक्रोज’ या शब्दांवरूनच ते नाव पडले. पुढे बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या यंत्रणेसाठी ईमॅक्स लिस्प भाषेत लिहिला. स्टॉलमन यांनी त्याविषयी सांगितलेली हकीकत मला फार आवडते. ग्रीनबर्ग यांच्या कचेरीतील लेखनिक स्त्रिया आपल्या सोयीच्या नव्या आज्ञा स्वतःच रचू लागल्या. त्यांच्या हाती जे माहितीपुस्तक होते, त्यात हे ‘प्रोग्रॅमिंग’ आहे असे कोठेही म्हटलेले नव्हते; म्हणून त्या भ्याल्या नाहीत. विद्यार्थ्यांना व्याकरण शिकविणाऱ्यांनी ही युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता हे आपल्या दाराशी कसे येते ते पाहू. आपल्या मंडळांच्या स्मरणिका, व्याख्यानमालांचे वृत्तान्त, सभासदांच्या याद्या असे पुष्कळसे साहित्य युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत टंकलेले आहे. या टंकांत खरी देवनागरी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले होते. टंक नसलेल्या यंत्रावर ती फाईल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो. कागदी प्रत हरवली असेल, तर ते लेखन आपल्याला मुकेच होते.

‘शोधा आणि बदला’ एवढ्या साध्या आज्ञेने हे सुधारत नाही. कृतिदेव टंकाचे उदाहरण घ्या. त्यात ‘भारत’ हा शब्द एच, के, के, जे, आर अशा पाच अक्षरांनी साठविलेला असतो. पहिला ‘के’ म्हणजे ‘भ’चा उभा दंड आणि दुसरा ‘के’ म्हणजे काना. चिन्ह एकच, अर्थ दोन. ‘स्थिती’मधील पहिली वेलांटी त्यात सर्वांत आधी येते; युनिकोडात ती ‘स्थ’ हे संपूर्ण जोडाक्षर ओलांडून त्याच्यामागे न्यावी लागते. ‘कर्ता’मधील रफार कान्याच्याही नंतर असतो; त्याला उलट दिशेने काना आणि ‘त’ ओलांडून पुढे आणावे लागते. किती अक्षरे ओलांडावयाची हे प्रत्येक शब्दागणिक बदलते. येथे पोपट उपयोगी नाही, नियम हवा. नियमांचा क्रमही चुकता कामा नये. आधी अक्षरे जोडावयाची, मग वेलांटी हलवावयाची. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत पाणिनीने सूत्रांच्या क्रमावर जो कटाक्ष ठेवला आहे, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

प्रसिद्ध टंकांसाठी तयार परिवर्तक मिळतात, हे खरे. परंतु मराठी मजकुराच्या मध्येच इंग्रजी पत्ता आला, की साधा परिवर्तक त्याचीही मोडतोड करतो. वर्ड किंवा लिब्रे ऑफिसमधील मॅक्रोला मात्र सांगता येते की, प्रत्येक तुकड्याचा टंक आधी पाहा आणि इंग्रजी टंक असेल तर हात लावू नकोस. आपल्या टंकलेखकाच्या लकबी आपल्यालाच ठाऊक असतात. परिवर्तक करणाऱ्या परक्या गृहस्थाला त्या कशा कळाव्यात?

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अनोळखी माणसाच्या फाईलीतून आलेला मॅक्रो चालू करू नये. १९९९ मधील मेलिसा हा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता.

ज्यांच्या घरी किंवा मंडळाच्या कपाटात अशा फाईली असतील, त्यांनी मूळ प्रत निराळी ठेवून नकलेवर काम करावे. घरातील महाविद्यालयीन मुलाला किंवा मुलीला जोडीला घ्यावे. रफार कोठे जातो ते आपण सांगावे, आज्ञा त्यांनी लिहावी. आरंभ लेखांपासून न करता सभासदांच्या यादीपासून करावा. कुलकर्णी, बर्वे, धर्माधिकारी, चिटणीस, क्षीरसागर ही आडनावे बिनचूक उतरली, तर मग स्मरणिका हाती घेण्यास हरकत नाही.