जुन्या दांड्याची पारख

चालणाऱ्या मालाची नक्कल निघते, हा बाजारातला जुना अनुभव आहे. अमेरिकेतील 'ड्यून बग्गी' या वाळूवर धावणाऱ्या गाडीच्या वाट्याला तो पुरेपूर आला. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे होड्या बांधणाऱ्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली फायबरग्लासची 'मेयर्स मँक्स' घडविली. पुढे हा सांगाडा फोक्सवॅगन बीटलच्या सुमारे चौदा इंच आखूड केलेल्या चेसिसवर बसू लागला. १९६७ साली मेयर्स आणि टेड मँगेल्स यांनी मेक्सिकोतील ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापून मोटरसायकलस्वारांचा विक्रम मोडला. मागणी उसळली, तशा नकलाही उसळल्या. न्यायालयात मेयर्स यांचा पेटंटचा दावा टिकला नाही आणि १९७१ साली कारखाना बंद पडला.

आज त्या गाड्या हौशी संग्राहकांच्या घरी आहेत आणि अस्सल-नकलेचा तोच प्रश्न तिच्या एका लहान भागापाशी येऊन थांबला आहे. तो भाग म्हणजे गिअरचा दांडा. बीटलच्या मूळ दांड्याला हात फार लांब न्यावा लागे. म्हणून त्या काळी हर्स्ट, एम्पी यांसारख्या कंपन्यांचे आखूड हालचालीचे दांडे बसविले जात. पोमोनासारख्या ठिकाणच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आजही ग्राहक त्यांचा शोध घेतात.

चकाकी पाहून भाव ठरविणारा येथे हमखास फसतो. जाणकार आधी ओतीव भागावरील खुणा पाहतो, मग मुठीचे आटे मोजतो. बीटलच्या निरनिराळ्या वर्षांच्या दांड्यांना ७, १० व १२ मिलिमीटरचे आटे असत. चुकीची मूठ बळाने फिरविली की आटे कायमचे जातात. त्यानंतर तो रिव्हर्स गिअर रोखणारी कळ दाबून पाहतो. ती झिजलेली असेल, तर पुढे जाणारी गाडी दुसऱ्या गिअरऐवजी रिव्हर्सकडे ओढली जाण्याचा धोका असतो.

दुरुस्तीचे काम संयमाचे आहे. गंजलेले सांधे तेलात भिजवून सुटू द्यावेत, हातोड्याने ठोकू नयेत. नवा क्रोम चढविण्यापूर्वी जास्त घासले, तर कंपनीचे कोरलेले नाव पुसट होते आणि त्याबरोबर किंमतही उतरते. आतील स्प्रिंग व झिजलेले भाग मात्र निःसंकोच बदलावेत.

दांडा उत्तम असूनही गिअर सापडत नसेल, तर दोष बहुधा मागे असतो. चेसिसच्या मधल्या बोगद्यातून एक लांब सळई गिअरबॉक्सपर्यंत जाते. तिचे बुश आणि मागच्या जोडाचे रबर काळाने झिजते. चेसिस आखूड करताना ही सळईही तितकीच कापून जोडावी लागते. जोडताना ती थोडी जरी पिळली गेली, तरी गिअर नीट पडत नाहीत. शेवटी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून, दांडा सरळ उभा धरून तळाचे बोल्ट आवळतात.

नवी नक्कल स्वस्त असते आणि पुष्कळदा काम चोख करते. ती नक्कल म्हणून विकण्यात काहीच गैर नाही. तिला जुनी म्हणून विकले, की व्यवहार बिघडतो. म्हणून सचोटीचा विक्रेता बिलावर स्पष्ट लिहितो: दांडा मूळचा, स्प्रिंग नवी, क्रोम नव्याने चढविलेला. अशा बिलाने एखाद्या वेळी भाव थोडा कमी मिळतो. पण दुसऱ्या गाडीसाठी सुटा भाग हवा झाला, की ग्राहक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो.